तिसरा मुद्दा

१

गुरुवारी सकाळी साडेसातला गिल हॅथवे वर्तमानपत्राची घडी घेऊन आला आणि ती वेंडेलच्या कॉफीच्या कपावरच टाकली. कप कलंडला.

"वाच," गिल म्हणाला. "मोठ्याने वाच. मी सकाळपासून सहा वेळा वाचलंय. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे."

गिल राष्ट्राध्यक्षांचा प्रसिद्धी सचिव होता. पत्रकारांसमोर रोज दुपारी बाराला उभं राहायचं आणि राष्ट्राध्यक्ष ब्रॅनॉक यांना काय म्हणायचंय ते सांगायचं, हे त्याचं काम. वेंडेल स्ट्राउडचं काम त्याच्या उलट्या दिशेचं. सेनेटर लोकांना काय हवंय, कोण कशावर अडलाय, कोणाचं मत कुठे झुकतंय हे टेकडीवरच्या सेनेटमधून गोळा करून राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर आणायचं. पाच राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली त्याने हेच केलं होतं.

वेंडेलने चष्मा लावला. पहिल्या पानावर उजवीकडे बातमी होती. राष्ट्राध्यक्षांनी मंगळवारी सेनेटर ऑरिन टीसडेल यांना फोन केला. त्या फोनआधी त्यांच्या हाती एक चिठ्ठी देण्यात आली होती. तिचा मजकूर चौकटीत छापला होता.

"'पहिला मुद्दा,'" वेंडेल वाचू लागला. "'शुश्रूषा विधेयकाबद्दल त्यांच्या शंका मिटल्या का, हे विचारावं. दुसरा मुद्दा. त्यांच्या राज्यातल्या परिचारिकांच्या संघटनेचा पाठिंबा आहे, ते सांगावं. तिसरा मुद्दा...'"

"थांबलास का?"

"'तिसरा मुद्दा. पत्नीच्या आजाराबद्दल विचारावं. तिथे ते मऊ होतात.'"

खाली राष्ट्राध्यक्षांच्या हातची ओळही दिली होती: ऑरिनला धन्यवाद. माणूस शब्दाचा पक्का. त्याखाली बातमीदाराने स्वतःचं लिहिलं होतं. सेनेटरांच्या पत्नी बर्डी टीसडेल तीन महिन्यांपासून माहेरी विश्रांतीला गेल्याचं सांगितलं जात होतं. त्या प्रत्यक्षात राजधानीतल्या घरीच असून त्यांचं दुखणं बरं होण्यासारखं नाही.

"टीसडेलने सात वाजता मला फोन केला," गिल म्हणाला. "तुमच्या विधेयकाला माझं मत नाही, म्हणाला. बाकी जे म्हणाला ते बायामाणसांत सांगण्यासारखं नाही. हिशेब सांग."

वेंडेलला कागद बघावा लागला नाही. एकोणपन्नास हो, एकोणपन्नास नाही, एक जण इस्पितळात. उरला टीसडेल. मतदान चार वाजता.

"चार वाजता आपण मेलो," गिल म्हणाला. "आणि त्याआधी बारा वाजता मी मरणार. पत्रकार विचारतील, कोणी फोडलं? मला एक नाव लागेल. ही चिठ्ठी तुझ्या कचेरीत टाइप झाली, वेंडेल. तुझ्या त्या थीयाने केली. आणि मंगळवारी ती ह्याच बातमीदाराबरोबर जेवताना दिसलीय."

"मला बघू दे."

"बघ. पण बारापर्यंत."

गिल गेला. वेंडेल कॉफी पुसायचं विसरला. हे विधेयक पास झालं तर मरायला टेकलेल्या माणसाला घरी नर्स मिळणार होती, शेवटच्या दिवसापर्यंत. आत्ताच्या नियमात वीस दिवस मिळायची. एडना, त्याची बायको, एकतीस दिवस जगली होती. त्याला चार महिने झाले.

हे विधेयक पडलेलं त्याला बघवलं नसतं. आणि चिठ्ठी जिने टाइप केली तिचं नाव गिलला माहीत होतं, पण तिसरा मुद्दा ज्याने सांगितला त्याचं नाव माहीत नव्हतं.

तो मुद्दा वेंडेलनेच सांगितला होता.

२

थीया लिंडक्विस्ट सव्वीस वर्षांची होती, आणि रडून झाल्यावर आली होती.

"हो, जेवले मी टोबिन मार्शबरोबर," ती म्हणाली. "तो माझ्या बहिणीचा दीर आहे. एक वाजता. त्याला माझ्या बहिणीच्या बाळंतपणाचं सांगितलं. दीड तास तेच. त्याला नको झालं होतं, मिस्टर स्ट्राउड, तुम्ही विचारा त्याला."

"कुणाकडून मिळालं ते तो सांगणार नाही."

"म्हणजे मी गेलेच ना?"

"कार्बन प्रत दे."

तिने कुलूप काढून खणातली पातळ प्रत दिली. रिवाज असा होता: कुठल्याही सेनेटरला राष्ट्राध्यक्षांनी फोन करायचा तर एक पानाची चिठ्ठी व्हायची. वर नाव, मग तीन मुद्दे. चौथा कधीच नाही, कारण राष्ट्राध्यक्ष चौथा वाचत नसत. खाली 'उत्तर' असं लिहून रिकामी जागा. फोन झाला की तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहीत आणि चिठ्ठी वेंडेलकडे परत येई. त्यावरून तो मतांची यादी दुरुस्त करी.

वेंडेलने कार्बन प्रत आणि वर्तमानपत्र शेजारी ठेवलं. पहिला मुद्दा तोच, दुसरा तोच. तिसरा प्रतीत असा होता: 'पत्नी सौ. डोरोथी यांच्या आजाराबद्दल विचारावं. तिथे ते मऊ होतात.' वर्तमानपत्राने चौकटीत नाव गाळलं होतं. 'उत्तर'ची जागा प्रतीत रिकामी होती.

"राष्ट्राध्यक्षांनी फोन किती वाजता केला?"

"तीन. तीन वाजून पाच मिनिटं."

"आणि तू जेवलीस एक वाजता. ज्याने ही चिठ्ठी फोडली त्याच्याकडे खालची हाताची ओळ होती. ती ओळ तीननंतर लिहिली गेली. तू जेवताना ती नव्हतीच."

थीयाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, मग गेला. "गिल म्हणेल, मी नंतर फोन केला."

"नंतर तुझ्याकडे तरी होती का ती? मूळ चिठ्ठी परत आली?"

ती आठवत राहिली. "नाही," म्हणाली. "मी बुधवारी विचारणार होते. राहिलं."

राष्ट्राध्यक्षांच्या हातची चिठ्ठी दोन दिवस परत आली नव्हती, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वेंडेलच्या सुद्धा. चार महिन्यांत अशा बऱ्याच गोष्टी त्याच्या लक्षात येत नव्हत्या.

आणखी एक त्याला खटकलं. मार्शसारखा बातमीदार. हातात राष्ट्राध्यक्षांचं अक्षर. त्याने फोटो का नाही छापला?

"मिस्टर स्ट्राउड," थीया हळूच म्हणाली, "त्यांच्या बायकोचं तुम्हाला कसं कळलं होतं? आपल्या खणातल्या सेनेटरांच्या माहितीच्या कार्डावर तर काही नव्हतं."

"इस्पितळात," वेंडेल म्हणाला. "एडनाला नेत होतो तेव्हा. त्याच कॉरिडॉरमध्ये तो बाकावर बसलेला असायचा, टोपी डोळ्यांवर ओढून. चार वेळा भेटलो. बोललो एकदाही नाही."

"मग तुम्ही ते..."

"हो. मी ते वापरलं."

३

दहा वाजता तो टेकडीवर गेला. टीसडेलच्या खोलीबाहेर पत्रकार दाटीवाटीने उभे होते. आत टीसडेल खिडकीकडे तोंड करून उभा होता. धिप्पाड माणूस, पण कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता, आणि तो एक हात कमरेवर दाबून होता.

"ब्रॅनॉकने तुला पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"फुलं आणलीस? ब्रॅनॉक फुलं पाठवतो. लोकांची बायको मरते तेव्हा त्याच्याकडे फुलवाला तयार असतो."

"सेनेटर, तो तिसरा मुद्दा मी लिहिला."

टीसडेल वळला. "कॉरिडॉर," तो म्हणाला. "तू तो हिरवा थर्मासवाला."

"हो."

"मला वाटायचं, हा एक माणूस आहे ज्याला काही सांगायची गरज नाही. बघ. आणि तू कचेरीत जाऊन लिहून दिलंस, इथे बोट घातलं की रक्त येतं."

"तसं नव्हतं लिहायचं मला. मला वाटलं, कोणीतरी तुम्हाला विचारावं. मला कोणी विचारलं नव्हतं."

"मग तू विचारायचंस! तू स्वतः! शेजारच्या बाकावरून!"

टीसडेल खुर्चीत बसला, बसताना कण्हला. "तीन महिने मी लपवलं. तिच्यावर कोणी कीव करायला नको म्हणून. सकाळी पेपर मी पायरीवरून उचलला आणि कचऱ्यात घातला, तिच्या हाती लागू नये म्हणून. माझ्या बर्डीचं नाव पहिल्या पानावर! बर्डी! ते सुद्धा तुमच्या कार्डावर लिहून ठेवलंय? घरात मी तिला काय हाक मारतो ते?"

"घरात?"

"मी आणि मीच. तिच्या आईनेसुद्धा कधी मारली नाही. तिथपर्यंत पोचलात तुम्ही." त्याने टेबलावर मूठ आपटली. "ऐक. मला ब्रॅनॉकची माफी नको. तुझी नको. ज्याने हे मार्शच्या हातात दिलं त्याचं नाव आण. चारच्या आत. मला तो समोर हवा. तर मी विचार करीन. नाहीतर हजेरीत माझं नाव पुकारतील आणि मी नाही म्हणीन, आणि तुझ्याकडे बघून म्हणीन."

बाहेर जिन्यावर वेंडेल कठड्याला धरून थांबला. कार्बन प्रतीत डोरोथी होतं. कार्डावर डोरोथी होतं. बर्डी हे नाव सगळ्या राजधानीत दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक आत बसला होता.

स्वतःच फोडून, स्वतःच ओरडून, विधेयकातून अंग काढून घ्यायचं? सेनेटमध्ये त्याने याहून वाईट बघितलं होतं. पण मग मूळ चिठ्ठी टीसडेलच्या हातात गेली कशी?

४

राष्ट्राध्यक्षांच्या दाराबाहेरच्या टेबलावर बावीस वर्षं मिस ओबरहोल्त्सर बसायची. सोमवारी ती बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिच्या जागी मिसेस फेनविक नावाची बाई तात्पुरती बसवली होती. तिने टेबलाच्या काचेखाली मिस ओबरहोल्त्सरच्या सूचनांचा कागद ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी ती तो वाचत होती.

"मी काहीही चुकवलेलं नाही," वेंडेलने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली.

"मंगळवारी तीन वाजता टीसडेलना फोन झाला. चिठ्ठी कुठे गेली?"

"जिथे जायची तिथे."

"म्हणजे कुठे, बाई?"

तिने काचेवर बोट ठेवलं. "'राष्ट्राध्यक्षांनी सेनेटरला स्वहस्ते काही लिहिलं असल्यास, पाकिटात घालून, शिपायाबरोबर, घरच्या पत्त्यावर. टाइप केलेलं असल्यास कचेरीत.' त्यावर त्यांच्या हाताने लिहिलं होतं, 'ऑरिनला धन्यवाद'. सेनेटरांचं नाव ऑरिन. मी पाकिटात घातली."

वेंडेलने डोळे मिटले. 'ऑरिनला धन्यवाद' हे आपल्या माणसांसाठी होतं: एक आभाराचं पत्र तयार करा. मिस ओबरहोल्त्सरने ते वाचलं असतं, पत्र टाइप केलं असतं, चिठ्ठी वेंडेलकडे पाठवली असती. बावीस वर्षांत हा फरक कागदावर लिहायची तिला गरज पडली नव्हती.

"चुकलं का माझं?" मिसेस फेनविकचा आवाज बारीक झाला. "सांगा ना. मी दोन दिवस जेवलेली नाही या टेबलापायी."

"नियमाप्रमाणे केलंत. शिपायाची वही दाखवा."

वहीत होतं: टीसडेल, घर, मंगळवार, चार पस्तीस, पोच मिळाली. सहीच्या जागी फक्त एक डी होता. वाकडा, थरथरत्या हाताचा.

मंगळवारी चार पस्तीसला ऑरिन टीसडेल कुठे होता हे वेंडेलला पाठ होतं. तो समितीच्या बैठकीत होता, रात्री आठपर्यंत. वेंडेल मागच्या बाकावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होता. पाकीट त्याने उघडलेलं नव्हतं.

डी म्हणजे डोरोथी.

पायऱ्यांवर गिलने त्याला गाठलं. "बाराला पाच कमी. नाव?"

"चारपर्यंत थांब."

"वेड लागलंय का तुला? ते बाहेर चाळीस जण बसलेत. त्यांना मी काय घालू, बिस्किटं?"

"चिठ्ठी थीयाने फोडलेली नाही. जेवणाच्या वेळी ती ओळ लिहिलेलीच नव्हती. तू तिचं नाव घेतलंस आणि उद्या खरं निघालं, तर परवा त्याच चाळीस जणांसमोर तू उभा असशील."

गिलने घड्याळ बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "चौकशी चालू आहे, म्हणतो. पण चार वाजून एक मिनिटाला एक नाव देणार, म्हाताऱ्या. तिचं नाहीतर तुझं."

५

मतांची यादी वर पोचवून वेंडेल टीसडेलच्या घरी गेला तेव्हा अडीच वाजले होते. दार उघडंच होतं. "ढकला," आतून आवाज आला. "मी उठत नाही, आणि चोरायला चांगलं काही नाही."

दिवाणखान्यात खिडकीपाशी पलंग आणला होता. उशांना टेकून एक बाई बसली होती, अगदी वाळलेली, पण ओठांना लाली लावली होती. गोधडीवर वर्तमानपत्र होतं.

"बसा. तुम्ही मिल्ड्रेड नाही. माझी मैत्रीण, केक घेऊन यायचीय."

"वेंडेल स्ट्राउड. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून."

"लवकर पोचलात. मला वाटलं, तुमचे लोक संध्याकाळपर्यंत एकमेकांनाच हाकलत बसतील."

"पेपर तर सेनेटरनी कचऱ्यात टाकला होता."

"दूधवाल्याला सांगून दुसरा मागवला. ऑरिनला वाटतं, पायरीवर पडतो तेवढाच पेपर छापतात." ती हसली, आणि हसणं तिला दुखलं. "कशावरून ओळखलंत?"

"बर्डीवरून. आमच्याकडे डोरोथी आहे. आणि फोटो नव्हता. चिठ्ठी तुम्ही मार्शला दिली नाहीत."

"कशाला देऊ? माझ्या घरी आली, माझी आहे. इथे, तुम्ही बसलात त्या खुर्चीवर बसून उतरवून घेतली त्याने. बोलता बोलता माझ्या तोंडून नाव गेलं. मूर्ख म्हातारी." तिने उशीखालून घडी केलेला कागद काढला. "हा तिसरा मुद्दा कोणी लिहिला?"

"मी."

"तुम्ही." तिने कागद गोधडीवर पसरला. "पाकीट आलं तेव्हा मला वाटलं, नेहमीचं. आभार, शुभेच्छा. आणि आत हे. 'पत्नी सौ. डोरोथी यांच्या आजाराबद्दल विचारावं.' मिस्टर स्ट्राउड, तीन महिन्यांत तेवढा एकच कागद या घरात आला ज्यावर मी आजारी होते. माझ्या मैत्रिणी मला माहेरी कार्डं पाठवतात. तिथून माझा भाऊ ती दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवतो. मला भेटायला कोणी येत नाही, कारण मी इथे नाहीच. नर्स ठेवली तर बोभाटा होईल, म्हणून ऑरिन स्वतः सगळं करतो. मला कुशीवर वळवताना त्याची कंबर भरली. माझ्यासाठी करतो, म्हणतो. मला कोणाची कीव नको म्हणून. मला हवी होती हो कीव. थोडी. मिल्ड्रेडची चालली असती."

"आणि विधेयक?"

"ते दुसरं कारण. आधी दोनदा त्याने शब्द दिला आणि दोनदा घाबरून मागे घेतला. नर्सांची बाजू घेतली की लोक विचारतील, घरात कोण आजारी आहे? म्हटलं, देशभर छापून येऊ दे. शब्दाचा पक्का. मग कसा फिरेल?" ती समाधानाने टेकली. "सकाळपासून अकरा फोन आले."

तिला माहीत नव्हतं. हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती, पण सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

"बाई, ते फिरले. आम्हीच फोडलं असं त्यांना वाटतंय. चार वाजता ते नाही म्हणणार आहेत. ज्याने फोडलं त्याचं नाव मागितलंय माझ्याकडे."

लाली लावलेले ओठ उघडेच राहिले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

"नाव मी देणार नाही," वेंडेल म्हणाला. "तुमच्या दोघांच्या वाट्याला किती दिवस उरलेत मला माहीत नाही. ते भांडणात गेले तर... मी जाऊन सांगेन, मीच फोडलं."

"आणि तो नाहीच म्हणेल."

"हो."

"तुमच्या बायकोला किती मिळाले? दिवस."

"एकतीस. नर्सचे वीस."

"मग अकरा दिवस?"

"मी होतो. पहिले तीन दिवस मला काही जमलं नाही. ती ओरडायची. मला वाटायचं, मीच मारतोय हिला. फोन केले सगळीकडे. सगळे म्हणाले, नियम वीसचा आहे."

बर्डीने हात पुढे केला. "पेन," म्हणाली. "आणि ते पुस्तक द्या खाली ठेवायला. तुमच्या चिठ्ठीवर 'उत्तर' म्हणून जागा आहे ना?"

लिहायला तिला पाव तास लागला.

६

चारला दहा कमी असताना वेंडेल सभागृहामागच्या गल्लीत पोचला. टीसडेल भिंतीला पाठ लावून उभा होता.

"नाव?"

वेंडेलने कागद दिला. टीसडेलने तिन्ही मुद्दे वाचले, राष्ट्राध्यक्षांची ओळ वाचली, आणि मग खाली वाकड्यातिकड्या अक्षरांपाशी थांबला. वेंडेलला ते पाठ झालं होतं; तिने वाचून घ्यायला लावलं होतं, अक्षर लागतं का म्हणून.

'ऑरिन, तुला नाव हवं होतं. माझं आहे. रागावायचं ते घरी येऊन रागाव, समोरासमोर, मला बरं वाटेल. आता आत जा आणि हो म्हण. मिल्ड्रेड पाच वाजता केक घेऊन येतेय, आणि मला एकटीला तिचं बोलणं ऐकवणार नाही. बर्डी.'

टीसडेलने कागद उलटून बघितला. "ही चिठ्ठी तिच्याकडे..."

"आमच्या चुकीने. बाकी सगळं तिने जाणूनबुजून केलं."

"माझ्यापासून लपवून."

"तुम्ही तिला जगापासून लपवलंत," वेंडेल म्हणाला. म्हणायचं नव्हतं त्याला.

आत घंटा झाली. टीसडेल आत गेला.

वेंडेल वरच्या सज्जात जाऊन कठड्याशी बसला. हजेरी सुरू झाली. नावं वर्णानुक्रमाने पुकारायची, म्हणून टीसडेल जवळजवळ शेवटी. वेंडेलने सवयीने बोटांवर मोजलं नाही. पहिल्यांदाच. त्याला एडनाच्या शेवटच्या, अकराव्या रात्रीचं आठवत होतं, ती झोपेत कोणाला तरी 'या, बसा' म्हणाली होती ते.

"सेनेटर टीसडेल."

कारकुनाने मान वर केली. "सेनेटर टीसडेल."

टीसडेल उभा राहिला, एक हात कमरेवर. त्याने सज्जाकडे बघितलं. वेंडेलला वाटलं, संपलं.

"हो," टीसडेल म्हणाला. मग कोणी विचारलं नसताना पुन्हा म्हणाला, "हो."

उरलेल्या नावांत कोणी फिरलं नाही. पन्नास आणि एकोणपन्नास.

दारात गिल उभा होता. खूष होता, पण घड्याळही दाखवत होता. "चार सव्वीस. नाव?"

"चिठ्ठी कार्यालयाच्या चुकीने बाहेर गेली, फोडणारं आतलं कोणी नाही, असं सांग. आणि तिसरा मुद्दा वेंडेल स्ट्राउडने लिहिला, तो लिहायला नको होता, आणि तो उद्यापासून कामावर येणार नाही."

"अरे, जिंकलोय आपण! वाक्य मी फिरवतो ना कुठेतरी..."

"फिरवू नकोस. तसंच सांग."

बाहेर अंधारून येत होतं आणि बर्फ पडायला लागलं होतं. कायदा जुलैपासून लागू होणार होता. बर्डीच्या हाती जुलै नव्हता हे वेंडेलला तिची मनगटं बघताच कळलं होतं. एडनाच्या हाती तर काहीच नव्हतं. मतं मोजून झाल्यावर इतकी वर्षं तो घरी फोन करायचा: झालं गं, पास झालं. त्याचा हात खिशातल्या, फोनसाठी ठेवलेल्या नाण्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"स्ट्राउड."

टीसडेल पायऱ्या उतरत आला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, कॉरिडॉरमध्ये असायची तशी. तो शेजारी उभा राहिला. दोघं समोर बघत राहिले.

"किती महिने झाले तुझ्या घरी?"

"चार."

"नाव काय होतं?"

"एडना."

टीसडेलने मान हलवली. बर्फ पुसायच्या निमित्ताने त्याने तोंडावरून हात फिरवला. "एक विचारायचं होतं," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "रात्री तिला कुशीवर वळवताना ती ओरडते. खांद्याला धरलं तरी, कमरेला धरलं तरी. मला समजत नाही कुठे धरायचं. तू... कसं करायचास?"

"तिला धरायचंच नाही," वेंडेल म्हणाला. "खाली एक चादर घालायची, दुहेरी, खांद्यापासून मांडीपर्यंत. आणि चादर ओढायची. हळू. मला चौथ्या दिवशी सुचलं."

टीसडेलने हवेत दोन्ही हातांनी ओढून बघितलं. वेंडेलने त्याची मनगटं धरून जरा खाली आणली.

"असं?"

"आणखी खाली. चला, दाखवतो."

ते गाडीकडे निघाले. पाच वाजत आले होते, आणि मिल्ड्रेड पोचली असणार.